पंख फारच सुरळीत उघडला

पंख तिसऱ्यांदाही कुठे न अडखळता उघडला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, कुणीतरी हळूच शीळही घातली, आणि धाकटीच्या मनात पाल चुकचुकली.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. कामावर तिला भिंग म्हणत, अर्थात पाठीमागे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंच्या चाचण्या समोर उभं राहून बघायच्या, पटलं तर सही करायची, नाही पटलं तर वस्तू परत पाठवायची, हे तिचं काम. आणि तिला सहसा पटत नसे. त्या दिवशीचा पंख बनवला होता तिच्या थोरल्या जावेने. दोघी एकाच घरात राहत. थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खाली, आणि सासूबाई जिथे चहा आधी होईल तिथे.

ही नेमणूक झाली तेव्हा धाकटी स्वतःहून संचालकांकडे गेली होती. "सर, नात्यातलं प्रकरण आहे. दुसऱ्या कुणाला द्या."

संचालक हसले होते. "दुसऱ्या कुणाला यातलं कळत नाही. आणि घरचं माणूस म्हणून तू सूट देशील, असं तुला ओळखणारा कुणी म्हणणार नाही."

पंख म्हणजे उपग्रहाला वीज पुरवणारी काळ्याशार तावदानांची लांबलचक पट्टी. रॉकेटच्या टोकात मावावी म्हणून तिची घडी घालतात. वर गेल्यावर एक लहानशी मोटर ती घडी उलगडते, तावदानामागून तावदान सरळ होत जातं आणि शेवटी प्रत्येक सांध्यातला खटका बसतो. तिथे अडकलं तर ढोसायला कुणाचा हात पोचत नाही. म्हणून सगळी तालीम जमिनीवरच करून घ्यायची. पण जमिनीवर पंखाला स्वतःचंच वजन झेपत नाही. त्यासाठी हॉलच्या छताला दोन रूळ ठोकलेले, रुळांवर चाकांच्या ट्रॉल्या आणि एकेका ट्रॉलीला तारेने टांगलेलं एकेक तावदान. वजन छताने घ्यायचं, पुढे सरकायचं मात्र पंखाने स्वतःच्या दमावर.

गेल्या वर्षीच्या चाचणीत याच मोटरला शेवटच्या घड्या उलगडताना धाप लागायची. जाड वायरींचा जुडगा सांध्यासांध्यातून वळत जायचा आणि मोटर वीज जास्त ओढायची. या वेळी पडद्यावर मोटरची वीज दाखवणारी रेघ शेवटाकडे चढण्याऐवजी चक्क उतरत गेली होती.

"मॅडम, रेघ खाली कशी गेली?" धाकटीने विचारलं. कामावर ती थोरलीला मॅडमच म्हणे.

"बिजागऱ्या बदलल्या, वंगण बदललं," थोरली टोपी काढत म्हणाली. "वर्षभर आम्ही माश्या मारत नव्हतो."

उत्तर चोख होतं. धाकटीला चोख उत्तरं आवडत नसत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं, असा विचार करत तिने सही न करता पेन खिशात ठेवलं.

हॉलमधून बाहेर पडताना तिने वळून पाहिलं. छताच्या रुळांचं काम बघणारा मिस्त्री शिडीवरून उतरला होता आणि थोरली त्याच्याशी काहीतरी बोलत होती. अगदी हळू आवाजात. धाकटीवर नजर जाताच मिस्त्री गप्प झाला, खिशातलं फडकं काढून कोरडेच हात पुसू लागला.

संध्याकाळी घरीही तेच. मीठ मागायला म्हणून धाकटी वर गेली, तर थोरली गॅलरीत फोनवर. "नाही, अजून कुणाला सांगितलेलं नाही," एवढंच कानावर पडलं. मग पावलं ऐकून थोरली म्हणाली, "बरं, ठेवते," आणि फोन पालथा घातला.

"काय गं, काय हवंय?"

"मीठ. संपलंय खाली."

"घे ना. डब्यातच आहे."

डब्यात मीठ होतंच. खालीही होतं, ते धाकटीने नवऱ्याला सांगितलं नाही. तिने त्याला एवढंच सांगितलं, "ताईंचं आणि मिस्त्रीचं काहीतरी शिजतंय."

नवरा कांदा चिरत होता. त्याने डोळे पुसले. "तुला सगळीकडेच काहीतरी शिजताना दिसतं. फक्त आपला कुकर सोडून. तो कधीचा गार पडलाय, तेवढा लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये गेली आणि दारातच थबकली. आदल्या दिवशी चाचणीनंतर पंख तारांवरून उतरवून बाजूला नेला होता आणि रिकाम्या ट्रॉल्या ढकलत अलीकडच्या टोकाला आणल्या होत्या. ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता त्या सगळ्याच्या सगळ्या पलीकडच्या टोकाला, एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

म्हणजे मागाहून कुणीतरी आत येऊन गेलं होतं. चोरून काहीतरी करून पाहिलं होतं, किंवा करून ठेवलं होतं.

तिने पहारेकऱ्याला गाठलं. "काल आम्ही गेल्यावर कोण आलं होतं?"

"कुणी नाही, मॅडम. कुलूप मीच लावलं आणि आज मीच काढलं."

"मिस्त्री?"

"तेही तुमच्या मागोमाग गेले."

पहारेकरी बोलताना तिच्या डोळ्यांत बघत होता. खरं बोलणारा माणूस इतकं रोखून बघेल कशाला, असं धाकटीला वाटलं. खाली बघून बोलला असता तरी तिला तेवढीच शंका आली असती, पण हे तिच्या त्या वेळी ध्यानात आलं नाही.

रुळांत काही करून ठेवलं असेल तर पंख उलट्या दिशेने उघडताना ते उघडं पडेल, असा हिशोब करत ती थेट थोरलीच्या खोलीत गेली. "मॅडम, पंख उलटा टांगून एकदा चाचणी घेऊ. आत्ता आपण दाराकडून खिडकीकडे उघडतो, तो खिडकीकडून दाराकडे उघडून बघू."

थोरलीने चष्मा वर केला. "कशासाठी?"

"खात्री म्हणून."

"कसली खात्री? तीनदा उघडला. तुझ्यासमोर उघडला. उलटा टांगायचा म्हणजे सगळी मांडणी मोडायची, पुन्हा जुळवायची. वस्तू जितकी हाताळावी तितकी बिघडते, हे मी तुला शिकवायचं?"

"नियमाने मला मागता येतं."

"मग नियमाने लेखी माग. मी लेखी नाही म्हणेन."

दोघींचा खटका उडाला तो असा. आवाज कुणीच चढवला नाही, पण बाहेर बसलेल्या कारकुनाने चहाचा कप तोंडाशी नेऊन तसाच धरून ठेवला. धाकटी तणतणत परतली. जिची बाजू खरी आहे ती बाई एका चाचणीला भ्यायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं. घरी त्या दिवशी दोघी एकाच ओट्यापाशी उभ्या राहून भाजी निवडत होत्या आणि सासूबाई एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. "आज रेडिओ बंद आहे का?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने अंथरूण घालताना विषय काढला. "वहिनी खोटेपणा करतील असं तुला खरंच वाटतं?"

"माणूस दबावाखाली काहीही करतो. उड्डाणाची तारीख डोक्यावर आहे."

"मी त्यांना तुझ्याआधीपासून ओळखतो."

"म्हणूनच तुला दिसत नाही," ती म्हणाली. तो पाठ फिरवून झोपला.

पुढच्या दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, धाकटी एकटीच हॉलमध्ये गेली. चोरून घेतलेल्या चाचणीची काही खूण सापडते का, हे तिला बघायचं होतं. रिकाम्या ट्रॉल्या पुन्हा दाराकडच्या टोकाला आणलेल्या होत्या; रोज त्या जागच्या हलू नयेत म्हणून रुळाला खुंटी लावत. तिने हलकी शिडी लावली, खुंटी काढली, कडेची ट्रॉली बोटाने थोडी पुढे सारली आणि रुळावर ओरखडे दिसतात का ते पाहिलं. काही नव्हतं. ती खाली उतरली, शिडी उचलली आणि खिडकीकडच्या टोकाला निघाली.

चार पावलं गेली असेल, तोच डोक्यावर बारीक कुरकुर ऐकू आली. ती थांबली. कुरकुर थांबली नाही. तिने मान वर केली. ती मघाचीच ट्रॉली, बरोबर तिच्या डोक्यावरून, सावकाश पुढे चालली होती. मागे कुणी नव्हतं. धाकटीने तरीही दाराकडे पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, अगदी खांबाआड जाऊनही पाहिलं. तेवढ्यात ट्रॉली पलीकडच्या टोकाला जाऊन टक्‌कन आपटली.

मग तिला उलगडा झाला, आणि झाला तो अर्धाच. रूळ कलते होते. नुसत्या डोळ्याला कळणार नाही इतके, पण कलते. ज्या दिशेने पंख उघडायचा त्या दिशेला उतार होता. मोटर दमत नव्हती, कारण पंख वंगणाने नव्हे, उताराने पळत होता. वर अंतराळात उतार कुठून आणणार?

अर्धाच उलगडा म्हणायचं ते यासाठी, की रूळ कलले कसे, याचं उत्तर तिच्याकडे आधीपासून तयार होतं. शिडीवरून उतरणारा मिस्त्री, हळू आवाजातलं बोलणं, पालथा घातलेला फोन. ती शांतपणे विचार करायला बसलीच नाही. तडक संचालकांच्या खोलीत गेली.

"रूळ मुद्दाम कलते केलेत, सर. मिस्त्रीने केलेत, आणि मॅडमना ते माहीत आहे."

संचालकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "हे फार मोठं बोलतेस."

"मी पाहिलंय त्यांना कुजबुजताना. मला बघून गप्प होतात."

संचालकांनी दोघांनाही बोलावून घेतलं. थोरली आली ती हात बांधून भिंतीपाशी उभी राहिली, बसली नाही. मिस्त्री दारातच घुटमळला. संचालकांनी उताराचं आधी काढलंच नाही. सरळ विचारलं, "चाचणीच्या दिवशी तुम्ही दोघं हॉलमध्ये काय बोलत होता?"

मिस्त्रीने थोरलीकडे पाहिलं.

"सांगा," थोरली म्हणाली. "आता काय उरलंय लपवायला?"

"जागेचं बोलत होतो, साहेब," मिस्त्री म्हणाला. "माझ्या मेव्हण्याचा फ्लॅट रिकामा झालाय. मॅडमना भाड्याने जागा हवी होती. घरी अजून कळू द्यायचं नाही म्हणाल्या, म्हणून मी जरा हळू बोलत होतो."

धाकटीचे कान तापले. जागा कशाला हवी, कुणाला हवी, हे विचारायची गरजच नव्हती. थोरलं बिऱ्हाड घर सोडून चाललं होतं, आणि ही गोष्ट तिला साहेबासमोर, मिस्त्रीच्या तोंडून कळत होती. त्याहून वाईट म्हणजे, थोरलीच्या घरातली गोष्ट तिनेच अशी चव्हाट्यावर आणली होती.

संचालकांनी घसा साफ केला. "बरं. आणि रुळांचं काय?"

"रुळांचं काय?" थोरलीने विचारलं. तिच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं.

धाकटीने ट्रॉलीचं सांगितलं. सांगताना ती थोरलीकडे बघत नव्हती. थोरली ऐकून घेत राहिली, मग तडक खोलीबाहेर पडली. सगळे तिच्या मागे हॉलमध्ये गेले. तिने स्वतः शिडी चढून ट्रॉली सोडली आणि ती जाताना शेवटपर्यंत बघितली. नंतर मिस्त्रीला म्हणाली, "पाणसळ आणा. रूळ सपाट आहेत का बघू."

कारण निघालं ते साधंच. गेल्या पावसाळ्याच्या सुमारास पलीकडच्या टोकाला, छतावर, हवा थंड करणारी नवी अवजड यंत्रं बसवली होती. तुळई त्या बाजूला किंचित वाकली आणि तिच्याबरोबर रूळही. रात्री यंत्रं चालू झाली की छत बारीक थरथरायचं. खुंटी लावायची राहून गेली त्या दिवशी ट्रॉल्या आपोआप घरंगळत पलीकडे गेल्या होत्या. पहारेकरी खरंच बोलत होता. रूळ यंत्रं बसवण्याआधी तपासलेले होते. नंतर पुन्हा तपासायला हवे होते, ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. निदान, नाही असं सगळे म्हणाले.

रूळ सरळ करून घेतले आणि पंख पुन्हा टांगला. या वेळी टाळ्या वाजवायला कुणी जमलं नव्हतं. मोटर सुरू झाली. पहिली तावदानं नीट उघडली, मधली जरा रेंगाळत उघडली आणि पडद्यावरची रेघ गेल्या वर्षीसारखी चढू लागली. शेवटचं तावदान सरळ होता होता थांबलं. खटक्याला बोटभर अंतर उरलं होतं. मोटर गुरगुरत राहिली, मग थोरलीने ती बंद केली.

असाच वर गेला असता, तर उपग्रह अर्ध्या पंखाने फडफडत बसला असता. हे सगळ्यांना दिसत होतं. धाकटी जिंकली होती, आणि तिला कुठेतरी जाऊन तोंड लपवावंसं वाटत होतं.

थोरली तावदानाखाली उभी राहून वायरींच्या जुडग्याकडे बघत होती. धाकटी तिच्याजवळ गेली.

"ताई."

"इथे मॅडम म्हणतेस ना."

"ताई, मी तसं बोलायला नको होतं. साहेबांसमोर."

"रुळांचं बोललीस ते बरोबर बोललीस," थोरली म्हणाली. "मलाही दोनदा वाटून गेलं होतं, हे जरा जास्तच सुरळीत चाललंय. पण चांगलं चाललेलं कोण उकरतं? तू पंख उलटा टांगायला सांगितलास तेव्हा मी नाही म्हटलं, ते वस्तू बिघडेल म्हणून नाही. तू सांगितलंस म्हणून. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर त्याच दिवशी टांगला असता."

धाकटीला हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते कळेना. शेवटी तिने जे विचारायचं होतं ते विचारलं. "घर माझ्यामुळे सोडताय का?"

थोरलीने चष्मा काढला. "मी बाहेरून आले की तू घड्याळ बघतेस. बोलत काही नाहीस, पण बघतेस. औषधांचा डबा इकडचा तिकडे झाला तर एकेकाला विचारत फिरतेस. परवा मीठ न्यायला आलीस, तेव्हा तुझ्याकडे मीठ होतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळी मीच भरून ठेवलं होतं." तिने चष्मा पुसला. "यात गुन्हा काही नाही गं. तुझा स्वभाव आहे. पण दिवसभर परीक्षा द्यायची आणि घरी येऊन पुन्हा परीक्षेला बसायचं, याचा मला कंटाळा आला. तुझ्या दिरांनाही. आईंना आम्ही आज सांगणार आहोत."

सासूबाईंनी ते ऐकलं, थोडं रडल्या, मग म्हणाल्या, "दोन घरं म्हणजे दोन ठिकाणी चहा," आणि पदराने डोळे पुसून आत गेल्या. धाकटीच्या नवऱ्याने भावाला सामान उचलायला मदत केली. बायकोला तो काहीच बोलला नाही. टोचून बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.

वायरींचा जुडगा सोडवून दोन बारीक जुडगे केले, मोटर बदलली. सगळं नव्याने करावं लागलं. उड्डाणाची तारीख पुढे गेली. थोरलीच्या हाताखालची माणसं धाकटी दिसली की दुसऱ्या जिन्याने जात. चाचणी आली की मात्र थोरली स्वतःच आधी विचारायची, "अजून काय बघायचंय?" आणि धाकटी सांगेल ते निमूट करायची. शेवटच्या चाचणीत खटका बसल्याचा आवाज हॉलभर घुमला. धाकटीने आणखी एकदा उघडून बघायला सांगितलं. त्यांनी उघडून दाखवला. मग तिने सही केली.

उड्डाण झालं त्या दिवशी दोघी नियंत्रण कक्षात होत्या, वेगवेगळ्या रांगांत. पंख वर उघडू लागला तेव्हा पडद्यावर एकेका सांध्याचा दिवा हिरवा होत गेला. शेवटचा दिवा बराच वेळ लाल राहिला. एखादी खोटी खबर येते आणि खरी दडून राहते, असं धाकटीने आयुष्यभर पाहिलं होतं. दिवा हिरवा झाला तरी तिचा विश्वास बसेना. पंखातून वीज आल्याचा आकडा दिसला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. थोरली पुढच्या रांगेत डोकं टेबलावर टेकवून बसली होती. तिचे खांदे हलत होते. धाकटी उठली, पण तिच्यापर्यंत गेली नाही.

काही महिन्यांनी नवं काम निघालं. याहून मोठं, जाळीची छत्री असावी तसं काहीतरी, वर गेल्यावर उघडणारं. परीक्षक म्हणून भिंगच हवी, असं थोरलीने संचालकांना सांगितल्याचं धाकटीच्या कानावर आलं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती विचारात पडली. यात ताईंचा काय हेतू? आपल्याला पुन्हा सगळ्यांच्या नजरेत वाईट ठरवायचंय? की परतफेड करायचीय? नव्या घरी तर अजून एकदाही बोलावलेलं नाही, आणि कामावर मात्र नाव घेऊन मागणी?

तिने हे नवऱ्याला सांगितलं नाही, सासूबाईंकडे चाचपून पाहिलं नाही. एका सकाळी ती सरळ थोरलीच्या खोलीत गेली. थोरली नव्या छत्रीचं चित्र टेबलावर पसरून बसली होती.

"मला का मागितलंत?" धाकटीने विचारलं.

"ये, बस." थोरलीने चित्राचा कोपरा कपाखाली दाबला. "मला हॉलमध्ये तू हवी आहेस म्हणून. घरात नको होतीस, तेही खरं. दोन्ही खरं आहे आणि त्यात काळंबेरं काही नाही. तुला पटतंय का?"

"नाही," धाकटी म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. "पण पटेल. ही काडी इथून वळते, ती अडकली तर?"

"तेच तर विचारायचं होतं तुला," थोरली म्हणाली आणि चित्र तिच्याकडे फिरवलं.